बत्तीस पानं

दहा फर्म्यांची (छपाईचा एक फर्मा सोळा पानांचा), म्हणजे १६० पानांची कादंबरी आठ फर्म्यांत बसवायची आहे. टाइप मात्र मी १४ पॉइंटांखाली जाऊ देणार नाही. मुलांच्या डोळ्यांना तेवढा हवाच.

आज शेजारच्या सहावीतल्या मुलीला हस्तलिखित वाचून दाखवलं. तलावपाळीवरच्या संध्याकाळीचं वर्णन सुरू झालं आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. (ठाण्यात राहून तलावपाळीचं तिला काय कौतुक!) नायक दहा वर्षांचा कळल्यावर म्हणाली, "लहानच आहे की!" त्याला बारा वर्षांचा केला. या वयाला आपल्याहून थोडं मोठंच कुणीतरी हवं असतं.

मग आजोबा त्याला कोड्याचं उत्तर सांगतात, ते प्रकरण आलं.

"काकू, त्यालाच शोधू दे ना!"

ते आजोबा माझेच होते, पानापानांत. रात्री त्यांची वीस पानं काढली. डोळे भरून आले. बारा अजून बाकी आहेत.