तुम्ही विचारलंत म्हणून: टार्मिगन आणि स्फॅग्नम, दोघं पांढरे कशाने?

स्कॉटलंडच्या डोंगरमाथ्यावरचा टार्मिगन पक्षी हिवाळ्यात पांढराशुभ्र होतो. खालच्या दलदलीतलं स्फॅग्नम पॅपिलोसम हे शेवाळ वाळलं की फिकं, पांढुरकं पडतं. ‘दोन्हींचं कारण एकच का?’ असं बरेच जण विचारतात. अर्धं उत्तर ‘हो’ आहे.

बर्फाचा गोळा आठवा. किसलेला बर्फ पांढरा दिसतो तो कणांमधल्या हवेमुळे; तिथे उजेड विखुरतो. वर सरबत ओतलं की हवा जाते, पांढरेपणाही जातो. टार्मिगनच्या हिवाळी पिसांत मेलॅनिन (काळा-तपकिरी रंग देणारं द्रव्य) नसतं आणि पिसांच्या बारीक उपधाग्यांत हवा कोंडलेली असते. तीच ऊब धरायलाही कामी येते.

स्फॅग्नमचं पान एकाच पेशीच्या जाडीचं. त्यात अरुंद हिरव्या, जिवंत पेशी आणि त्यांच्यामध्ये मोठ्या, मेलेल्या, रिकाम्या पेशी. या रिकाम्या पेशी चपट्या होऊ नयेत म्हणून आतून कडी बसवल्यासारख्या जाड रेघा, आणि भिंतींना भोकं. या भोकांतून पाणी आत शिरतं. शेवाळ कोरड्या वजनाच्या वीसेक पट पाणी धरतं. ऊन लागलं की पाणी जातं, हवा शिरते.

फरक आहे तो या भोकांचा. पिसातली हवा बंदिस्त, म्हणून पक्षी भिजला तरी पांढराच. शिवाय त्याचं पीस बदलणं दिवसाच्या लांबीवर चालतं, हिमवर्षावावर नाही. बर्फ उशिरा पडला की काळ्या-करड्या दगडांवर पांढरा पक्षी सोनेरी गरुडाला लांबून दिसतो. शेवाळाचा पांढरेपणा मात्र एका सरीत जातो, फार दिवस कोरडं राहिलं नसेल तर.

ऑर्किडसाठी स्फॅग्नम आणणाऱ्यांनी हे घरी करून पाहावं. पांढऱ्या पडलेल्या काडीवर पाण्याचा थेंब टाका. रंग लगेच गडद झाला तर ती नुसती तहान. थेंबानंतरही खरखरीत पांढरा थर उरला तर तो बोअरच्या जड पाण्याचा क्षार. ते शेवाळ बदला. नवं शेवाळ पावसाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, मुठीत पिळा, थेंब गळायचा थांबला की मुळांभोवती सैल गुंडाळा. दाबून ठासलं तर मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात.

विकतचं शेवाळ मेलेलं असतं, तरी पाणी धरतं. पाणी साठवणाऱ्या पेशी झाड जिवंत असतानाही मेलेल्याच होत्या.