बंड्याचा खुबा आणि माझं काउंटर

पंचवटीत माझं मेडिकल आहे. थंडी पडली, निफाडचा पारा पेपरात झळकायला लागला, की हमखास कोणीतरी येतं: "दादा, कुत्रं लंगडतंय, एखादी पेनकिलर द्या ना." मी देत नाही. "अर्धीच देतो हो," म्हणतात. अर्धीही नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आपल्याला चालतं म्हणून कुत्र्याला चालत नाही. पोटात अल्सर होतात, किडनी जाते. माणूस रागावून पुढच्या दुकानात जातो, जाऊ दे.

हे आता जास्त ठासून सांगतो, कारण घरीच पेशंट आहे. आमचा बंड्या, काळा लॅब्रॅडॉर, अकराव्या वर्षात. कधी ओरडला नाही, कण्हला नाही. फक्त सोफ्यावर चढणं बंद केलं. सकाळी उठताना मागचे पाय आखडलेले, चार पावलं टाकली की मोकळे. आई म्हणाली, "म्हातारा झालाय, चालायचंच." एक्स-रेत दिसलं की खुब्याची वाटी उथळ आहे आणि कडेला हाड वाढलंय. लॅब्रॅडॉरमध्ये हा दोष बऱ्याचदा आनुवंशिक असतो, सांध्याची झीज त्यावर चढत जाते. मांड्या किती बारीक झाल्या होत्या ते डॉक्टरांनी माझा हात धरून दाखवलं.

डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक म्हणजे मेलॉक्सिकॅम. किलोमागे रोज ०.१ मिलिग्रॅम, पहिल्या दिवशी त्याच्या दुप्पट, तेही जेवणाबरोबर. म्हणजे ३६ किलोच्या बंड्याला रोजचे साडेतीनच्या आसपास. माणसाची गोळी १५ची येते, आता करा हिशोब. सुरू करण्याआधी रक्त तपासलं, लिव्हर-किडनी बघितली. सोबत स्टेरॉइड अजिबात नाही. उलटी, काळी शी किंवा अन्नावरून मन उडालं तर औषध थांबवून आधी फोन. आणखी एक गंमत: जनावरांना द्यायच्या डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली ती गिधाडांमुळे. औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन ती किडनी निकामी होऊन मरत होती. गिधाडांना न बाधणारा पर्याय म्हणून पुढे आलं ते हेच मेलॉक्सिकॅम. अंजनेरीच्या कड्यावर गिधाडं दिसली की मला हल्ली औषधाची स्ट्रिप आठवते.

पण डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिताना बजावलं होतं, "गोळी मी देतो, वजन तुम्ही उतरवा." खरी लढाई इथे झाली. सकाळी आईच्या हातची तूप लावलेली पोळी, चहाबरोबर बिस्किटं, शेजारच्या काकूंकडून रात्रीचा उरलेला भात. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "एवढ्याशाने काय होतंय?" शेवटी सकाळीच त्याचं दिवसभराचं खाणं मोजून एका डब्यात काढायला लागलो. द्यायचं ते त्यातूनच. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरगड्या दिसायला नकोत, पण हात फिरवला की लागल्या पाहिजेत, हे माप. आज ३२ किलोवर आहे आणि माझ्या मते गोळीपेक्षा जास्त फरक याने पडला. द्राक्षं-बेदाणे तर आमच्याकडे कुलपात असतात. नाशकात घरोघरी असतात म्हणून सांगतो, कुत्र्याच्या किडनीला ते विषच. त्यात ही औषधं चालू असताना तर नकोच.

घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर जुन्या सतरंज्या अंथरल्या, खाली रबरी जाळी. नखं वेळेवर कापतो, पंजातले केसही. झोपायला जाड गादी. फिरणं बंद नाही, एका मोठ्या फेरीच्या दोन छोट्या केल्या, तेही मातीवरून.

सांध्यांसाठी म्हणून देतात ते ग्लुकोसामाइन मी विकतो, मार्जिनही बरं आहे, तरी सांगतो: त्याचा पुरावा लंगडाच आहे. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३चा त्यापेक्षा बरा, मात्र डोस डॉक्टरांना विचारूनच.

पोहणं सांध्यांना उत्तम, भार पडत नाही. दिंडोरीकडचा मित्र म्हणाला, "आण माझ्या शेततळ्यावर." मी साफ नाही म्हटलं. त्या प्लास्टिकच्या कागदावर धडधाकट माणसाचा पाय ठरत नाही, दुखऱ्या खुब्याचं कुत्रं वर कसं येणार?

मोबाइलवर व्हिडिओ बघून कुत्र्याला महिन्यातून एकदा द्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारणारेही आहेत. ते बेडिनव्हेटमॅब, वेदनेचा निरोप पोचवणारं एक प्रथिन अडवतं. अमेरिकेत २०२३ साली त्याला मान्यता मिळाली, पुढच्याच वर्षी तिथल्या औषध प्रशासनाने काही कुत्र्यांत तोल जाणं, झटके येणं असे त्रास दिसल्याचं पशुवैद्यांना कळवलं. आमचे डॉक्टर म्हणाले, आहे त्यावर भागतंय तोवर त्या वाटेला जायचं नाही. पुढची रक्ततपासणी संक्रांतीनंतर आहे. तिळगुळाचं आईला आत्ताच सांगून ठेवलंय.