व्हीएचएस कॅप्चर: चेकसमचा चोर सापडला

लग्नाच्या कॅसेटवरून संगणकात उतरवलेली एमकेव्ही (व्हिडिओ फाइल) दोन मशीनवर, लिनक्सच्या डेस्कटॉपवर आणि मॅकवर, तोडली की तुकड्यांचे हॅश (म्हणजे चेकसम, फाइलमधल्या मालावरून काढलेली ओळखखूण) जुळत नाहीत, इथपर्यंत मागच्या वेळी आलो होतो. सापडलं एकदाचं! दुखणी दोन होती, एकाच्या आड दुसरं, म्हणून इतका छळ झाला.

पहिलं सोपं. लिनक्सच्या स्प्लिटला (फाइल तोडणारी आज्ञा) ‘२०००एमबी’ सांगितलं की २,००,००,००,००० बाइटचा तुकडा पडतो. मॅकवर ‘२०००एम’ म्हटलं की २,०९,७१,५२,००० बाइटचा. पहिल्याच तुकड्यापासून माल वेगळा, हॅश जुळणार कुठून? आता दोन्हीकडे अक्षर न लावता नुसता बाइटचा आकडा देतो. (पेन ड्राइव्हवर फॅट३२ ही जुनी फाइल-व्यवस्था असेल तर ‘४जी’च्या फंदात पडू नका. तो तुकडा ४,२९,४९,६७,२९६ बाइटचा होतो आणि फॅट३२ची मर्यादा त्याहून एका बाइटने कमी आहे. एवढ्यासाठी कॉपी अडते.)

यानंतर बहुतेक तुकडे जुळले. एखाद-दुसरा मात्र डेस्कटॉपवर चुकायचा, आणि दर वेळी वेगळाच. केबल बदलली, पोर्ट बदललं, डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) पाहिला, सगळं ठणठणीत. डोकं फिरवणारा भाग पुढेच: चुकलेल्या तुकड्याचा हॅश लगेच पुन्हा काढला तर तोच चुकीचा यायचा, त्यामुळे फाइलच खराब वाटायची. रीबूट केलं की तोच तुकडा कधीकधी बरोबर! म्हणजे अशा तुकड्यांचा डिस्कवरचा माल शाबूत. दुसऱ्यांदा वाचताना लिनक्स डिस्कला हातच लावत नव्हता, मेमरीतल्या कॅशमधलं शिळंच वाढत होता.

मग जे तुकडे रीबूटनंतरही चुकायचे, म्हणजे डिस्कवरच बिघडून उतरले होते, ते ‘सीएमपी -एल’ला (दोन फाइली बाइट-बाइट ताडून पाहणारी आज्ञा) दिले. दोन अब्ज बाइटांत फरक एका बाइटचा. मॅककडे १४४, डेस्कटॉपकडे १०४. हे आकडे ऑक्टल (आठच्या पायाचे), म्हणजे फरक ३२चा, एकच बिट पडलेला. पुढच्या तुकड्यातही तोच बिट. जागा निराळी, पण तिच्या आकड्याला ४०९६ने भागलं तर बाकी तीच! मेमरीचं पान ४०९६ बाइटचं असतं. मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावलं आणि लाल ओळी आल्या. एक रॅमची काडी काढून टाकली, तेव्हापासून सगळे तुकडे जुळतायत.

तुकडे पाडायला चकचकीत अ‍ॅप वापरणाऱ्यांनी एकदा तुकड्यांचे हेडर (सुरुवातीचे बाइट) तपासावेत. काही अ‍ॅप आपलं काहीतरी आत घुसडतात. तोडायला साधं स्प्लिट आणि जोडायला कॅट बरं. विंडोजवाल्यांनी जोडताना ‘कॉपी’ला बायनरीचा स्विच विसरू नये, नाहीतर फाइल मध्येच तुटते.

आता पार२ (फाइल पुढे खराब झाली तर दुरुस्त करता यावी म्हणून जपायच्या जादा फाइली) करायला बसणार होतो, पण हे लिहिता लिहिता जाणवलं की कॅप्चरही याच डेस्कटॉपवर झालेत. मूळ फाइलमध्येच बिट पडला असेल तर पार२ ती चूकच इमानाने जपणार. नशीब, व्हिडिओ साठवायला एफएफव्ही१ या कोडेकची आवृत्ती ३ वापरली होती, स्लाइस सीआरसी (फ्रेमच्या प्रत्येक भागाचा चेकसम) चालू ठेवून. म्हणजे एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रॅमला सीआरसी तपासायला सांगून जुन्या फाइली नुसत्या डिकोड करायच्या. एन्कोडिंगच्या आधी पडलेला बिट यात सापडणार नाही, पण तो फार तर एखादा पिक्सेल बिघडवेल, चालेल मला. तेव्हा क्रम बदलला: आधी सीआरसी, संशयित कॅसेटी पुन्हा कॅप्चर, मग पार२. हाय-८ (कॅमकॉर्डरच्या छोट्या टेप) उतरवायचं काम पुढे ढकललं.

पहिली फाइल डिकोडला लावली आहे. निम्म्यावर आली, अजून एकही एरर नाही.