डुकरं मारायचीच तर पगार देऊन मारा

आमचा आतेभाऊ ऑस्ट्रेलियात असतो, न्यू साउथ वेल्समध्ये, आणि हल्ली फॅमिली ग्रुपवर रानडुकरं मारल्याचे फोटो टाकतो. आई वैतागली की लिहितो, "मामी, इथे हे निसर्गासाठीच करतात गं."

अर्धं खरंय ते. तिकडची डुकरं, कोल्हे, ससे, सगळं गोऱ्यांनी बाहेरून नेलेलं आणि त्यांनी तिथल्या जंगलाची वाट लावलीये. पण ससे आले कसे? १८५९ साली व्हिक्टोरियात थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीची मजा यावी म्हणून सोडले! कोल्हेही शिकारीसाठीच नेलेले. म्हणजे शौकानेच घाण केली आणि आता तोच शौक झाडू मारायला निघालाय.

आणि त्या झाडूने काही साफ होतच नाही ना. हौशी माणूस सुट्टीला जाणार, गाडी पोचते तिथवर जाणार, मोठा सुळेवाला नर पाडणार, फोटो काढणार, घरी. मागे राहिलेल्या माद्यांना एका वेताला पाच-सहा पिल्लं होतात. तिथले जाणकार सांगतात की वर्षाला साधारण ७० टक्के डुकरं कमी केली तरच आकडा खाली येतो, त्यामुळे खरं काम होतं ते पिंजरे, विषारी आमिष आणि हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालणारे पगारी लोक यांच्या जिवावर. वर कहर म्हणजे वेस्टर्न ऑस्ट्रेलियात डीएनए तपासल्यावर दिसलं की काही डुकरं चालत आलीच नव्हती, माणसांनी मुद्दाम नव्या जागी आणून सोडलेली. साहजिकच आहे म्हणा, डुकरं संपली तर शिकाऱ्याने रविवारी करायचं काय?

आपल्याकडे गणित वेगळं. रानडुक्कर इथलंच, उपरं नाही. पण भोर-वेल्ह्याकडे भात तयार झाला की लोक रात्र रात्र राखण करतात, सुतळी बॉम्ब लावतात, आणि एका रात्रीत अख्खं वावर तुडवलेलं असतं. त्यांना कोथरूडात बसून प्राणीप्रेम शिकवायची माझी तरी हिंमत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली ते उत्तमच झालं, पण पिकाचं नुकसान होत असेल तर मारायची परवानगी देता येते हे त्याच कायद्यातल्या कलम ११ मध्ये आहे, बंदी आली की विषय संपला असं नाहीये.

२०१६ मध्ये बिहारात मोकामाला नीलगायी मारल्या तेव्हा मनेका गांधी भडकल्या होत्या आणि पर्यावरणमंत्री होते आपल्या पुण्याचे जावडेकर, त्यांचं म्हणणं की राज्यांनी मागितलं म्हणून परवानगी दिली. मला दोघांचंही थोडं थोडं पटलं (हो, असं होतं माझं). फक्त तिथे बाहेरून शिकारी बोलावले होते ते मला खटकलं. हे काम वनखात्याच्या नोकरीतल्या ट्रेनिंग घेतलेल्या माणसाचं आहे, किती मारली, कुठे मारली, नंतर पीक वाचलं का, याचा हिशोब त्याने द्यायचा.

केरळने २०२२ मध्ये परवानगीचा अधिकार पंचायतींकडे दिला आणि गोळी घालायला लायसनवाले गावकरी घेतले. ते पगारी नाहीत, पण नियम असा की मारलेलं डुक्कर खायचं नाही, पुरायचं. लोक कुरकुरतात, एवढं मटण मातीत जातं म्हणून. मला नियम बरोबर वाटतो. मटण मिळणार नाही म्हटल्यावर पहाटे चार वाजता बंदूक घेऊन बांधावर कोण कोण येतं ते बघायला हवं.