लाल आकडा

"ताई, हा आकडा लाल का छापलाय गं?" राजारामपुरीतल्या लॅबच्या पायरीवरच धाकटीनं रिपोर्ट पुढं केला. सीए-१२५, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाची तपासणी: ८६. मर्यादा ३५.

रंकाळा येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मोबाईलवर नको ते वाचून झालं होतं तिचं. अंडाशयाचा कॅन्सर वगैरे.

डॉक्टरीणबाईंनी आधी एवढंच विचारलं, "रक्त दिलं तेव्हा पाळी चालू होती?"

होती. त्यात एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार. दोन्हींत हा आकडा कॅन्सर नसतानाही चढतो म्हणे. सोनोग्राफीत जुनीच चॉकलेट सिस्ट (याच आजारातली, अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ), नवं काही नाही.

आठ वर्षं ती पाळीत कळवळत होती, तेव्हा "बाईच्या जातीला एवढं चालायचंच" म्हणणारे आम्हीच. (मीसुद्धा.)

रात्री आईनं पहिल्यांदा विचारलं, "लई दुखतं काय गं?"