सोळा चिपांची रॅम: माझा अनुभव

बाबांचा कॉम्प्युटर २०१० सालचा. मी इंजिनीअरिंगला असताना घेतलेला; पुढे मी लॅपटॉपवर गेले आणि तो बाबांचा झाला. कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्याच्यावर बसतात तो मुख्य बोर्ड; रॅमशी देवाणघेवाण त्यावरचा चिपसेट सांभाळतो), दोन जीबी रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी. शाळेतून रिटायर झाल्यापासून बाबा आमच्या डोंबिवलीतल्या एका छोट्या वाचनालयाची सूची सांभाळतात. अकरा हजारांवर पुस्तकं. प्रत्येकाचा दाखल क्रमांक, लेखक, प्रकाशक, किंमत, कपाट नंबर, सगळं एक्सेलमध्ये. दुपारचा चहा झाला की दोन तास ते तिथेच असतात.

गेल्या वर्षी मी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली. चालू व्हायला पाच मिनिटं लागायची, ती मिनिटावर आली. पण सूची उघडी ठेवून क्रोममध्ये एखादं पुस्तक शोधायला गेलं की सगळं थिजायचं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९०-९५ टक्के भरलेली. बाबा तक्रार करत नाहीत. ते माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवतात आणि वाट बघतात. मला ते बघवेना. नवीन घेऊया म्हटलं तर म्हणाले, "अगं, ह्याला काय धाड भरलीय? माझा हात बसलाय ह्याच्यावर." मग रॅम वाढवायचं ठरलं.

आधी सीपीयू-झेड हे आतले भाग दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघितलं. डीडीआर३ जातीची रॅम, एक-एक जीबीच्या दोन पट्ट्या, त्या बसवायच्या खाचा म्हणजे स्लॉट दोनच. तिथे स्पीड ५३३ मेगाहर्ट्झ दिसतो म्हणून कुणी घाबरू नका. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा डेटा, त्यामुळे तो खरा १०६६ असतो. मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त ८ जीबी असं स्वच्छ लिहिलेलं. मी चार-चार जीबीच्या दोन नव्या पट्ट्या ऑनलाइन मागवल्या. डीडीआर३, १६००, दीड व्होल्टच्या. जास्त वेगाची पट्टी जुन्या बोर्डावर कमी वेगाने चालते, हे माहीत होतं.

शनिवारी सकाळी कॅबिनेट उघडलं. प्लग काढला, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, जुन्या पट्ट्या काढल्या, नव्या बसवल्या. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टकटक बसल्या. चालू केलं. पंखा फिरला, स्क्रीन काळाच. आणि मग आवाज: एक लांब बीप, जराशी शांतता, पुन्हा लांब बीप. थांबेचना. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत.

त्या दिवशी मला येत होतं ते सगळं केलं. पट्ट्यांच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला, कोरड्या फडक्याने पुसल्या. एकच पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये, मग दुसऱ्या. मग दुसरी पट्टी तशीच. बोर्डावरचा गोल सेल काढून दहा मिनिटांनी परत घातला म्हणजे बायॉसची (बोर्डाच्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग पुसली जावी. तोच बीप. जुन्या पट्ट्या लावल्या की मशीन मुकाट्याने चालू. म्हटलं, नव्या पट्ट्याच खराब आल्या असणार. परत केल्या, बदलून आल्या, लावल्या. लांब बीप, शांतता, लांब बीप.

चार पट्ट्या ओळीने खराब निघतील हे मनाला पटेना. मी बदलून आलेल्या दोन्ही माझ्या मावसभावाकडे घेऊन गेले. त्याचा कॉम्प्युटर २०१३ सालचा, पण रॅम डीडीआर३च. तिथे घातल्या आणि पहिल्याच फटक्यात आठ जीबी दिसले. म्हणजे पट्ट्या चांगल्या, बोर्डही चांगला, आणि दोघांचं आपसात जमत नाही. खरी अडचण इथे आहे हे मला तेव्हा कळलं. त्याआधीचे आठ दिवस मी पट्टी खराब की बोर्ड खराब, एवढाच विचार करत होते.

पुढच्या शनिवारी मुंबईतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठला. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलं की पूर्वेला चालत काही मिनिटांवर. मोठ्या दुकानांत "इतनी पुरानी नहीं रखते" एवढंच ऐकायला मिळालं. शेवटी एका जिन्याखालच्या रिपेअरिंगच्या गाळ्यात एक काका भेटले. चष्मा कपाळावर, समोर काचेवर उघडा मदरबोर्ड. मी जुनी पट्टीसुद्धा बरोबर नेली होती, हे नशीब.

"बोर्ड कुठला?"

"जी४१."

त्यांनी माझी नवी पट्टी उलटी करून बघितली, परत सुलटी केली आणि जुनीच्या शेजारी ठेवली. "आयसी मोजा, ताई."

आयसी म्हणजे पट्टीवरच्या चिपा. मी मोजल्या. जुनीवर एका बाजूला आठ चिपा, मागची बाजू कोरी. नवीवरही एका बाजूला आठ, मागची बाजू कोरी. मला तर दोन्ही सारख्याच वाटल्या.

"जुनी एक जीबीची, आठ आयसी. नवी चार जीबीची, तरी आठच. मग एकेका आयसीत किती भरलंय बघा."

हिशेब असा. एका बाइटात आठ बिट, म्हणून चार जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. ते आठ चिपांत बसवायचे तर प्रत्येक चिप चार गिगाबिटची लागते. जी४१ला दोन गिगाबिटपर्यंतचीच चिप कळते. मग चार जीबीची पट्टी ह्या बोर्डाला चालायची असेल तर तिच्यावर दोन-दोन गिगाबिटच्या सोळा चिपा हव्यात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. मॅन्युअलमधले आठ जीबी खरेच होते, पण ते ह्या सोळावाल्या पट्ट्यांचे. घरी येऊन मी बोर्डाच्या वेबसाइटवरची चालणाऱ्या रॅमची यादी पुन्हा काढली. शेवटच्या बारीक कॉलममध्ये पट्टी एकबाजू की दोनबाजू ते दिलेलं होतं, आणि चार जीबीची प्रत्येक पट्टी दोनबाजूच होती. आधी मी फक्त जीबी आणि स्पीड वाचले होते.

काकांनी एका डब्यातून जुन्या पट्ट्या काढल्या. लेबलवर काय बघायचं तेही दाखवलं: क्षमतेच्या पुढे बारीक अक्षरांत 'टू आर एक्स एट' (2Rx8, म्हणजे चिपांचे दोन संच) असं छापलेलं असतं, ती घ्यायची, 'वन आर एक्स एट' (1Rx8, एकच संच) असेल ती ह्या बोर्डाला नको. मग आणखी एक पट्टी हातात दिली. हिच्यावरही सोळा चिपा, स्वच्छ, नवीकोरी. "ही घेऊ नका. हिच्यातल्या आयसी एक्स फोरच्या आहेत. एएमडीच्या बोर्डावर चालते, तुमच्यावर नाही चालायची. स्वस्त मिळते म्हणून लोक नेतात आणि परत आणतात." एक्स एटची चिप एका वेळी आठ बिट देते, एक्स फोरची चारच. म्हणजे चिपा मोजून भागत नाही, लेबलही वाचावं लागतं.

मग त्यांनी दोन पट्ट्या निवडल्या, काचेवरच्या उघड्या बोर्डात बसवल्या (तोही जी४१च होता) आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन पिनांना टेकवून चालू केला. छोट्या मॉनिटरवर ८१९२ (एमबी, म्हणजे आठ जीबी) चा आकडा आला. पट्ट्या वापरलेल्या, पाचशेला एक. बीपचा आवाज आठ दिवस कानात घेऊन फिरल्यावर तो आकडा बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरं आहे.

रात्री घरी बाबांना हे सगळं सांगायला बसले. चिपेच्या आत ओळी आणि रकाने असतात, हव्या त्या ओळीचा पत्ता बोर्ड तारांवरून पाठवतो. दोन गिगाबिटच्या चिपेला ओळीच्या पत्त्यासाठी पंधरा तारा पुरतात, चार गिगाबिटच्या चिपेला सोळा लागतात. बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे आपल्या जुन्या दाखल रजिस्टरसारखं." वाचनालयाच्या जुन्या छापील रजिस्टरात क्रमांकाला चारच चौकटी होत्या. ९९९९ नंतरचं पुस्तक कपाटात होतं, हातात घेता येत होतं, पण रजिस्टरात त्याला लिहायला जागा नव्हती. मी शोधत होते ते उदाहरण त्यांनी एका वाक्यात दिलं.

पट्ट्या बसवल्या, मशीन चालू झालं, बीप एकच आणि छोटा. पण वापरलेला माल, त्यात सूचीसारखं काम, म्हणून विंडोजमध्ये जायच्या आधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हे मेमरी तपासणारं सॉफ्टवेअर लावून झोपले. मेमरी खराब असेल तर मशीन लगेच बंद पडतंच असं नाही. ते चालतं, आणि एखाद्या दिवशी फाइल सेव्ह करताना आत भलतंच काही लिहून ठेवतं. मला ती भीती जास्त होती. सकाळी बघते तर खाली लाल ओळी, म्हणजे चुका.

इथे घाईने पट्ट्या परत करायला पळू नये. चूक पट्टीबरोबर फिरते की स्लॉटबरोबर राहते, एवढं आधी शोधायचं. मी एकेक पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये लावून तपासली. जी४१वर चार जीबीची एक फेरीही तासाच्या वर जाते, त्यामुळे अख्खा रविवार त्यात गेला. दोन्ही स्वच्छ. मग पहिली पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये: लाल ओळी. दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये: पुन्हा लाल. दोष स्लॉटचा. मोबाइलचा टॉर्च धरून आत बघितलं तर फटीच्या टोकाला, खिट्टीच्या अगदी बुडाशी, धुळीचा एक करडा धागा पिनांवर आडवा पडलेला. इतके दिवस कॅबिनेट उघडं ठेवून पट्ट्यांची काढ-घाल चालली होती, वर पंखा. रंगाचा नवा कोरा ब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जरासा भिजवून स्लॉटमधून तीन-चार वेळा फिरवला, तासभर वाळू दिलं. त्या रात्री दोन्ही पट्ट्यांवर तीन फेऱ्या झाल्या आणि एकही लाल ओळ आली नाही.

आता विंडोज. सिस्टिमच्या पानावर लिहिलेलं: बसवलेली रॅम ८ जीबी, वापरता येण्याजोगी २.९९ जीबी. हे मात्र अपेक्षित होतं. आमचं विंडोज १० हे जुन्या ३२ बिटच्या विंडोज ७वरून अपग्रेड झालेलं, म्हणून तेही ३२ बिटच. ३२ बिटांत मोजता येणारे पत्ते ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे चार जीबी, आणि त्यातलेही बरेचसे ग्राफिक्स आणि बाकीच्या भागांसाठी राखून ठेवलेले. प्रोसेसर स्वतः ६४ बिटचा आहे, त्यामुळे विंडोज नव्याने ६४ बिटचं टाकणं एवढाच उपाय होता. असं अपग्रेड जागच्या जागी होत नाही, सगळं पुसून टाकावं लागतं. आधी सूचीच्या दोन प्रती काढल्या, एक पेनड्राइव्हवर, एक माझ्या लॅपटॉपवर, आणि दोन्ही उघडून बघितल्या. परवाना त्याच मशीनशी जोडलेला असल्याने किल्ली पुन्हा मागितली नाही.

एक गोष्ट मात्र निसटली होती. सोमवारी बाबांनी वाचनालयाची जुनी परिपत्रकं उघडली आणि मला हाक मारली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं यांचा नुसता काला. ती परिपत्रकं युनिकोडच्या (कुठल्याही मशीनवर मराठी दिसणाऱ्या पद्धतीच्या) आधीची, शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेली. विंडोज पुसताना फॉन्टही गेला होता. काढून ठेवलेली हार्ड डिस्क कपाटात होती, तिच्यातल्या फॉन्टच्या फोल्डरमधून तो परत आणला, आणि ओळी एकदम मराठी झाल्या. तुमच्या घरी २००० ते २०१०च्या दरम्यानचं मराठी टायपिंग असेल तर विंडोज पुसायच्या आधी फॉन्टचं फोल्डर जरूर कॉपी करा.

आता सूची, क्रोम, वर्ड सगळं एकदम उघडं असतं आणि मेमरी चाळीस टक्क्यांच्या आसपास राहते. प्रोसेसर जुना तो जुनाच. व्हिडिओ बघताना दम लागतो. बाबांना त्याचं काही नाही. परवा त्यांनी लेखकाच्या कॉलममध्ये फिल्टर लावला, दोनशे बारा पुस्तकं खटकन समोर आली, आणि ते मान वर न करता पुढे कपाट नंबर दुरुस्त करत राहिले.

कॅबिनेटचा पत्रा बंद करायच्या आधी म्हणाले, "थांब." वाचनालयात पुस्तकांना लावतात त्यातलं एक लेबल आणलं, पेनाने लिहिलं आणि पत्र्याला आतून चिकटवलं: 'रॅम ४ + ४. दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपा. दुसरी घालू नये.' खाली तारीख आणि सही.