आमची वाटचाल: कागद विकता विकता कापायला शिकवू लागलो

आमचा बिझनेस नक्की काय आहे हे सांगताना दरवेळी जरा वेळ जातोच. स्क्रॅपबुकचं सामान विकता का? हो, विकतो. फोटो लावून सजवलेला अल्बम बनवून देता का? नाही, तो तुम्हीच बनवायचा. मग? मग आम्ही पानाचा लेआउट देतो, म्हणजे कुठले पॅटर्न पेपर (नक्षी छापलेले कागद), कुठला कार्डस्टॉक (जाड, साधा कागद), कोणता तुकडा किती इंचाचा कापायचा, फोटो कुठे, टायटल कुठे, लिहायला जागा कुठे, आणि सोबत ते कागद. एवढं ऐकून समोरचा म्हणतो, "अच्छा, किट!" हो, किटच, पण त्या किटमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे कापायचा प्लॅन, आणि तो आम्हाला सुचायला बराच वेळ गेला.

आम्ही दोघी, मी आणि माझी थोरली जाऊ, म्हणजे वहिनी. मी ग्राफिक डिझाइन करायचे, फुलं-पानं-चौकटी-ठिपके असले पॅटर्न काढायची मला हौस. वहिनींची नोकरी प्रेसमध्ये, बाइंडिंग आणि कटिंगला. मी स्क्रीनवर डिझाइन बघून खूश व्हायचे आणि त्या शांतपणे विचारायच्या, "हे कुठल्या शीटवर बसवणारेस?" आमची फर्म उभी राहिली ती या प्रश्नावर, माझ्या फुलांवर नाही.

कारण बघा, स्क्रॅपबुकचं सगळ्यात चालणारं पान १२ बाय १२ इंचाचं. आणि ए३ कागद असतो २९७ बाय ४२० मिलीमीटर. १२ इंच म्हणजे ३०४.८ मिलीमीटर. म्हणजे जेमतेम ८ मिलीमीटरसाठी ए३ वर पान बसत नाही! मग एसआरए३ घ्यायचा, तो ३२० बाय ४५०, त्यात कडेचा ब्लीड (कापायच्या रेघेबाहेर जादा छापलेला भाग) धरून आमचं पान बसतं, पण एका शीटवर एकच. उरलेली पट्टी साधारण ५ इंचाची. मी म्हटलं जाऊ दे वाया. वहिनी म्हणाल्या, "त्या पट्टीचे पण पैसे दिलेत आपण." तेव्हापासून त्या उरलेल्या पट्टीवर आम्ही त्याच रंगातली ३ बाय ४ ची चार कार्डं छापतो, लिहायला वापरायची. १२ इंच रुंदीत ३ इंचाची चार कार्डं बरोब्बर बसतात. आता लोक ती कार्डं सुटी पण मागतात.

सुरुवातीला फक्त पॅटर्न पेपर विकला. सेट करून, एका सेटमध्ये एकमेकांशी जुळणारे कागद, दोन्ही बाजू छापलेल्या. लोकांना आवडले, मेसेज यायचे किती सुंदर आहेत म्हणून, पण तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा यायचं नाही. आम्हाला वाटलं क्वालिटी कमी पडतेय की काय. मग मी सरळ फोन करून विचारायला लागले की ताई तुम्ही तो सेट नेलात, त्याची पानं झाली का, फोटो पाठवाल का. बहुतेकांचं उत्तर एकच, "अहो, अजून तसाच ठेवलाय, इतका छान कागद कापवत नाही." ड्रॉवरमध्ये ठेवलेत कागद! मधूनमधून काढून बघतात, परत ठेवतात.

यावर आम्ही खूप बोललो. लोकांकडे कागद भरपूर आहे, फोटो तर हजारो आहेत, अडतंय ते कात्री लावायच्या क्षणी. एकदा चुकलं की कागद गेला ही भीती. मग अजून नवे कागद छापून काय उपयोग, ते पण ड्रॉवरमध्येच जाणार. तेव्हा ठरलं की कागदाबरोबर कापायचं धाडस पण द्यायचं, आणि धाडस द्यायचं म्हणजे मापं द्यायची.

पहिला प्लॅन अजूनही चालतो आणि मला स्वतःला तोच सगळ्यात आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. तीन पॅटर्न घ्यायचे: एक मोठ्या डिझाइनचा, समजा मोठी फुलं, एक मध्यम, पट्टे किंवा चौकटी, आणि एक अगदी बारीक, लांबून प्लेनच वाटेल असा. तिन्ही मोठे घेतले की पानावर भांडण, तिन्ही बारीक घेतले की पान निजलं. आता लोक काय करतात, मोठ्या फुलांचा कागद सगळ्यात सुंदर म्हणून तोच अख्खा मागे लावतात आणि त्यावर फोटो. फोटो हरवतो! फुलाच्या शेजारी माणसाचा चेहरा एवढुसा, डोळा आधी फुलाकडे जाणार. आम्ही त्याच कागदाची फक्त ३ इंचाची आडवी पट्टी घेतो, पानाच्या खालच्या भागात. फूल अर्धंच दिसतं, पण पानाला जो रंग हवा तो मिळतो. आणि १२ इंचाच्या शीटमधून ३ इंचाच्या चार पट्ट्या, म्हणजे एका कागदात चार पानं, तुकडा न उरता. पट्टीवर पक्षी किंवा चेहरा असेल तर तो मधोमध चिरला जाणार नाही एवढं बघूनच कापायची जागा ठरवतो.

मध्यम पॅटर्नची दीड इंचाची पट्टी तिच्या वरच्या कडेला लागून. आणि बारीक पॅटर्न फोटोच्या मागे, मॅट म्हणून, म्हणजे फोटोभोवती चौकटीसारखा दिसणारा कागद. ४ बाय ६ चे दोन उभे फोटो शेजारी शेजारी, मध्ये एक सूत जागा, चारी बाजूंनी एक सूत मॅट दिसणार, म्हणजे मॅट होतो ८ इंच ३ सूत बाय ६ इंच २ सूत. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, प्लॅनवर आम्ही दोन्ही लिहितो.) आता एवढा मोठा तुकडा १२ च्या शीटमधून एकच निघतो, दुसरा काढायला गेलं तर थोडक्यात हुकतो. इथे वहिनींची प्रेसची अक्कल कामाला आली. मॅटचा प्रत्येक फोटोखालचा भाग झाकला जाणारच, मग तो आधीच आतून कापून काढायचा, दोन फोटोंमधली पट्टी तशीच ठेवून. ३ बाय ५ चे दोन तुकडे मिळतात, त्यातून ३ बाय ४ ची दोन कार्डं. वर पानाची जाडी कमी होते, अल्बम फुगत नाही. गिऱ्हाइकांना हे इतकं आवडलं की काही जणी फक्त ही युक्ती विचारायला फोन करतात.

रंगाचं म्हणाल तर आमचा नियम असा की फोटोत जो रंग सगळ्यात जास्त आहे तो सोडा, जो थोडासाच आहे तो उचला. हिरवळीवर पिवळा टीशर्ट घातलेलं पोर आहे आणि हातात निळा चेंडू, तर निळा घ्या. हिरवा कागद लावला तर हिरवळ आणि कागद एकच होऊन बसतात, निळा लावला की पोराच्या हातातला चेंडू लगेच दिसतो. आणि तो निळा पानावर तीन ठिकाणी यायला हवा, तीन ठिकाणं जोडली तर त्रिकोण व्हावा, मग नजर पानभर फिरते. फोटोत कपड्यांचे रंग फारच एकमेकांच्या अंगावर येत असतील तर सरळ ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढा, कुठलाही कागद चालतो मग.

अजून एक, हे मी सगळ्यांना करायला लावते. चिकटवायच्या आधी तुकडे नुसते मांडून मोबाइलने फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. सगळं एकसारखं राखाडी दिसलं तर समजा रंग वेगळे असले तरी गडद-फिकट सारखंच आहे, पान सपाट दिसणार. एक कागद गडद करा नाहीतर फोटोखाली पांढरा मॅट घाला, काम झालं.

प्लॅन सोबत द्यायला लागल्यावर दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक वाढलं. आमच्या डिझाइनवर पण याचा परिणाम झाला. कागदाच्या दोन्ही बाजू दिमाखदार ठेवल्या की लोकांना ठरवता येत नाही कुठली झाकू, पुन्हा तेच, कापवत नाही. म्हणून आता एक बाजू बोलकी आणि मागची मुद्दाम गप्प, ठिपके नाहीतर बारीक रेघा. शिवाय तेच फूल निम्म्या मापात ६ बाय ६ च्या पॅडमध्ये छापतो, त्यामुळे एकाच पानावर एकच डिझाइन मोठ्या आणि लहान आकारात वापरता येतं, जुळवाजुळवीची डोकेदुखी नाही.

कागदाच्या आयुष्याबद्दल आम्ही जरा कडक आहोत. लाकडातलं लिग्निन कागदात राहिलं की तो उजेडाने आणि हवेने पिवळा पडतो, ठिसूळ होतो. ॲसिडही कागद खातं, आणि ते शेजारच्या फोटोतही उतरतं. म्हणून ॲसिड-फ्री आणि लिग्निन-फ्री दोन्ही हवं, एक असून भागत नाही. एका सप्लायरने ॲसिड-फ्री म्हणून कागद पाठवला, वहिनींनी पीएच तपासायचं पेन कोपऱ्यावर ओढलं तर रेघ पिवळी. जांभळी यायला हवी होती! सगळा लॉट परत केला, त्यावरून बराच वाद झाला, पण तिथून पुन्हा माल घेतला नाही. फोटोजवळ ठेवायच्या सामानासाठी आयएसओ १८९१६ नावाची टेस्ट असते, डिंक, टेप, कागद सगळ्यासाठी, ती पास असेल तर छानच. आणि पानावर घालायचं प्लॅस्टिक कव्हर पीव्हीसीचं नको, पॉलिप्रॉपिलीनचं बघा.

डिंकावरून आठवलं, १८७३ मध्ये मार्क ट्वेनने स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं, पानांवर आधीच डिंक लावलेला, नुसतं ओलं करायचं आणि चिकटवायचं. म्हणजे चिकटवायचा कंटाळा तेव्हाही होताच! आज मात्र पॅटर्न पेपरवर ओला डिंक आम्ही सुचवत नाही, पातळ कागद लगेच सुरकुततो. टेप रनर, म्हणजे ओढला की कोरड्या डिंकाची पट्टी लावणारं छोटं साधन, बरा. मोठ्या तुकड्याला फक्त कडांना आणि मध्ये एक रेघ, एवढं पुरतं.

सजावटीवरून आमचे मतभेद आहेत. मला कागदी फुलं, टॅग, स्टिकर आवडतात, वहिनींना नाही. त्यांचं म्हणणं, पॅटर्न पेपरमध्ये आधीच एवढी नक्षी आहे, वर अजून कशाला. पण त्या थोड्याफार बरोबर आहेत हे किट पॅक करताना कळतं, फुगलेली फुलं असली की समोरच्या पानावरच्या फोटोला त्यांचा वळ पडतो. आता किटमध्ये सपाट गोष्टीच जातात, फारतर एक फोमवर उचललेलं टायटल, तेही कडेला.

दोन पानं मिळून एक लेआउट, म्हणजे २४ इंच रुंद, हे आम्ही नंतर सुरू केलं. यात पट्टी डावीकडून उजवीकडे सलग जायला हवी, नाहीतर दोन वेगळी पानं शेजारी आल्यासारखी वाटतात. आणि फोटो जोडावर ठेवायचा नाही, कोणाचं तरी नाक बरोबर शिवणीत जातं. बस, एवढंच त्यात.

सध्या डोकं चालू आहे ते मोबाइलच्या फोटोंवर. मोबाइलचा फोटो साधारण ३ ला ४ असतो आणि ४ बाय ६ ची प्रिंट २ ला ३, त्यामुळे प्रिंट काढताना कडेचा भाग कापला जातो, उभ्या काढलेल्या ग्रुप फोटोत शेवटचा माणूस अर्धा जातो आणि गिऱ्हाईक आम्हाला विचारतं की असं का झालं. म्हणून नवे प्लॅन आम्ही ३ बाय ४ इंचाच्या फोटोंवर करतोय, त्यात काहीच कापलं जात नाही. १२ बाय १२ च्या पानात ३ बाय ४ चे बरोबर १२ चौकोन बसतात, प्रत्येक चौकोन एकेक सूत कमी केला की मध्ये जागा पण राहते. मी मांडलंय ते असं, सात चौकोनांत फोटो, चारांत पॅटर्न पेपर, एक लिहायला. वहिनी म्हणतात लिहायला दोन ठेव, लोक एकदा लिहायला लागले की एका कार्डात मावत नाहीत. मग फोटो कमी करायचा की कागद, यावर सध्या आमची गाडी अडलीये, आणि पुढच्या किटचं छपाईचं काम तोवर थांबलंय.